‘दोनावर एक मोफत’चा हिशेब किलोमागे करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात वर्तमानपत्राच्या घडीतून मार्टची रंगीत पत्रके घरोघरी येऊ लागतात आणि दिवाळी होईपर्यंत ती थांबत नाहीत. ‘एकावर एक मोफत’, ‘तीन घ्या, दोनाचेच पैसे द्या’, ‘दुसऱ्या पाकिटावर निम्मी सूट’ हे त्यातले मुख्य मजकूर. या ऑफरांत खरोखर पैसे वाचतात का? काही ऑफरांत नक्की वाचतात. पुष्कळ ऑफरांत फलकावर दिसते त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी वाचतात. आणि काही ऑफरांत महिन्याचा खर्च वाढतो, तोही वाढला आहे हे न कळता. यातली कोणती ऑफर कोणत्या प्रकारची, हे दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर ठरवता येते. त्याची रीत सर्वांना कळावी म्हणून हे पत्र.

आधी टक्केवारी. ‘एकावर एक मोफत’ म्हणजे नगामागे ५० टक्के सूट. ‘दोनावर एक’ म्हणजे ३३, ‘तीनावर एक’ म्हणजे २५, ‘चारावर एक’ म्हणजे २०, ‘पाचावर एक’ म्हणजे साधारण १७ टक्के. ‘दुसऱ्या नगावर ५० टक्के’ हे शब्द मोठे दिसतात, पण दोन नगांचे मिळून पाहिले तर सूट २५ टक्केच. ‘५० टक्के जादा माल’ असेल तर ग्रॅममागे स्वस्ताई ३३ टक्के, आणि ‘२५ टक्के जादा’ असेल तर २० टक्के. ‘९९ रुपयांना तीन’ या पाटीशेजारी एका नगाची किंमत ३५ रुपये असेल, तर १०५ ऐवजी ९९ म्हणजे सहा रुपयेच कमी झाले. ही सूट सहा टक्केही भरत नाही, पण तिच्यासाठी एकाऐवजी तीन नग घरी येतात.

ही झाली सूट कागदावरची. ती मोजली जाते एमआरपीवर, आणि खरी गफलत तिथेच होते. एमआरपी ही कंपनीने ठरवून पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत आहे, सर्व करांसहित. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेणे हा गुन्हा आहे, पण कमी घ्यायला कोणतीही आडकाठी नाही. आपल्याकडच्या गल्लीतल्या किराणा दुकानातही चहा, साबण, धुण्याची पावडर, तेल या वस्तू बहुतेक वेळा एमआरपीपेक्षा कमी दराने मिळतात. म्हणजे ज्या किमतीला आपण ती वस्तू एरवीही घेणार नव्हतो, त्या किमतीपासून मार्ट बचत मोजते.

एक उदाहरण घेऊ. समजा, २५० ग्रॅम चहाच्या पाकिटाची एमआरपी १५० रुपये आहे आणि ओळखीचा दुकानदार ते १३८ ला देतो. त्याच चहाचे ५०० ग्रॅमचे पाकीट त्याच्याकडे २५५ ला आहे. मार्टमध्ये ‘दुसऱ्या पाकिटावर ५० टक्के’ अशी पाटी आहे, म्हणजे दोन पाकिटे २२५ रुपयांना. पाटी सांगते ७५ रुपये वाचले. दुकानदाराकडे २५० ची दोन पाकिटे घेतली असती तर २७६ पडले असते, म्हणून वाचले ५१. आणि घरात नेहमी अर्ध्या किलोचे पाकीटच येत असेल, तर वाचले फक्त ३०. तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. मात्र आपल्या खिशाशी संबंध आहे तो शेवटच्या आकड्याचा, कारण एरवी आपण जे घेतले असते त्याच्याशीच बचतीची तुलना करायची असते. या उदाहरणातली ऑफर चांगली आहे, घ्यावी, पण ७५ रुपये वाचले म्हणून त्या पैशांत आणखी दोन वस्तू टोपलीत टाकू नयेत.

बिलाच्या तळाशी ‘आज आपली बचत’ म्हणून जो आकडा छापून येतो, तोही बहुधा याच पद्धतीने काढलेला असतो: सगळ्या वस्तूंच्या एमआरपीची बेरीज वजा आपण दिलेले पैसे. बाजारभावाशी त्याचा संबंध नाही. चार हजारांच्या बिलावर आठशेची बचत दिसली, तरी तोच माल रविवार पेठेतून किंवा घराजवळच्या दुकानातून किती रुपयांना आला असता, हे तो आकडा सांगत नाही. मार्टच्या स्वतःच्या नावाच्या वस्तूंच्या बाबतीत तर एमआरपी ठरवणारे आणि सूट देणारे एकच असतात. तिथे सुटीच्या टक्क्यांना काहीच अर्थ उरत नाही. दर आणि वजन, एवढेच पाहावे.

म्हणून हिशेबाचा पाया एकच ठेवावा: शंभर ग्रॅममागे, किंवा किलोमागे, किती रुपये पडले. एकूण द्यायचे पैसे भागिले मोफत धरून एकूण ग्रॅम, गुणिले १००. मोबाइलवर अर्धे मिनिट लागते. या आकड्याची तुलना करायला घरचा मागचा दर हाताशी हवा. त्यासाठी नेहमी लागणाऱ्या पंधरा-वीस वस्तूंचे मागच्या खरेदीचे दर वहीच्या एका पानावर लिहून त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. बिलेच जपून ठेवतो म्हटले तर ते जमत नाही, कारण बिलाच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे उष्णतेने उमटवलेली असतात आणि काही महिन्यांत ती पुसट होतात. बिलाचाही फोटोच काढावा.

पाकिटावर आता सरकारी नियमाने एककाचा दर छापलेला असतो. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याखालच्या, २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती होऊन ही सोय आली. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅममागे आणि जास्त वजनाच्या पाकिटावर किलोमागे दर असतो. द्रव पदार्थांना तसेच मिलिलिटर आणि लिटर. सोय उत्तम आहे, पण ती वापरताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, हा दर एमआरपीवर काढलेला असतो. ऑफरची किंमत त्यात धरलेली नसते. दुसरी, लहान पाकिटावर ‘प्रति ग्रॅम ०.२३’ आणि मोठ्या पाकिटावर ‘प्रति किलो २२०’ असे दोन वेगळ्या मापांचे आकडे समोर येतात. लहानाला हजाराने गुणले की २३० होतात, तेव्हा तुलना जमते. तिसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. ग्रॅममागचा दर दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण केलेला असतो, त्यामुळे ०.२३ च्या मागे खरा दर किलोला २२५ ते २३५ यांपैकी काहीही असू शकतो. किलोमागे दहा रुपयांपर्यंतचा फरक त्या छापील आकड्यात दिसतच नाही. डाळ, रवा, पोहे अशा वस्तूंत दहा रुपयांना मोल आहे. तिथे छापील आकड्यावर विसंबू नये, स्वतः भागाकार करावा.

वजनाकडे पाहणे पूर्वीपेक्षा आता जास्त गरजेचे झाले आहे. बिस्किटे, चहा, तेल, साबण, पीठ अशा ठराविक वस्तू ठराविक वजनांतच विकण्याचे बंधन पूर्वी होते. २०२२ पासून ते निघाले. त्यामुळे एकाच वस्तूची ४०० ग्रॅम, ३७५ ग्रॅम, ३४० ग्रॅम अशी दिसायला सारखी पाकिटे फडताळावर असू शकतात. ऑफर लावलेले पाकीट आणि आपण नेहमी घेतो ते पाकीट एकाच वजनाचे आहे का, हे प्रत्येक वेळी पाहावे. तेलाच्या बाबतीत हे विशेष. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणून लिटरचा दर आणि किलोचा दर थेट शेजारी ठेवता येत नाही. समजा, पाच लिटरचा कॅन ७५० रुपयांना आहे. त्यात तेल भरले साधारण ४ किलो ५५० ग्रॅम, म्हणजे किलोला १६५ च्या आसपास. १५ किलोचा डबा २,४३० ला असेल तर किलोला १६२. फरक तीनच रुपयांचा. चौघांच्या घरात डबा फोडल्यावर तेल तीन-चार महिने हवेच्या संपर्कात राहणार आणि शेवटी शेवटी खवट वास येणार, हे धरले तर कॅनच परवडतो. ‘दोन पाऊच घ्या, तिसऱ्यावर सूट’ अशी ऑफर असेल तर पाऊच लिटरचा आहे की कमी मापाचा, हे आधी बघावे.

साबणात वजनाच्या जोडीला प्रतही पाहावी लागते. अंघोळीच्या साबणावर बारीक अक्षरांत ‘टीएफएम’ म्हणून टक्के दिलेले असतात. साबणातल्या स्निग्धांशाचे ते माप. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या श्रेणीला किमान ७६ टक्के, दुसरीला ७० आणि तिसरीला ६० टक्के लागतात. ‘बेदिंग बार’ असे लिहिलेली वडी याहूनही कमी टक्क्यांची असू शकते. कमी टक्क्यांची वडी पाण्यात लवकर विरघळते. ‘तीनावर एक’ मिळालेल्या चार वड्या नेहमीच्या तीन वड्यांइतकेच दिवस पुरल्या, तर मोफत वडीने काही वाचवले नाही.

आणखी एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. मोठे पाकीट स्वस्तच, हा समज सगळीकडे खरा नसतो. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरमागे मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडल्याचे अनेकदा दिसते. पाच-दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यांचेही तेच, कारण त्या ठरलेल्या किमतीवर गिऱ्हाईक टिकवण्यासाठी कंपन्यांत चुरस असते. समजा, दहा रुपयांचा पुडा ७५ ग्रॅमचा आहे. मार्टमध्ये ३०० ग्रॅमचा ६० रुपयांचा पुडा ‘दोनावर एक’ आहे, म्हणजे १२० रुपयांना ९०० ग्रॅम. दहा रुपयांचे बारा पुडे घेतले तरी १२० रुपयांना ९०० ग्रॅमच येतात! ऑफर संपल्यावर तोच मोठा पुडा ६० ला घेणारा तर शंभर ग्रॅमला २० रुपये मोजतो, छोटा पुडा घेणारा १३ रुपये ३३ पैसे.

आता वापराकडे वळू, कारण बचत ठरते ती स्वयंपाकघरात. यासाठी एक नियम पक्का लक्षात ठेवावा: जितक्या नगांचे पैसे दिले, तितके नग वापरून संपले तर फक्त बरोबरी होते, त्यापुढचा जो नग वापरला जाईल, तेवढीच बचत. पाचशे ग्रॅम रव्याचे पाकीट ३२ रुपये, आणि दोनावर एक मोफत. ६४ रुपयांत दीड किलो रवा आला. एक पाकीट किडले आणि टाकून दिले, तर एक किलोला ६४ पडले, म्हणजे सूट शून्य. दीड पाकीट गेले, तर वापरलेल्या ७५० ग्रॅमला ६४ रुपये, म्हणजे अर्ध्या किलोला जवळजवळ ४३. सरळ एक पाकीट घेणाऱ्यापेक्षा तिसरा हिस्सा महाग.

आपल्या भागात हे होण्याचा संभव जास्त आहे. बेळगाव आणि त्याहून खानापूरकडे, जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मीठ पाझरते, गूळ सुटतो, पापड मऊ पडतात. रवा, मैदा, बेसन, गव्हाचे पीठ, शेंगदाणे, डाळी यांत ओल धरली की पोरकिडे आणि जाळी होते. पाकीटबंद गव्हाच्या पिठावर मुदत साधारण तीन महिन्यांची असते, पण ती न फोडलेल्या पाकिटाची. फोडल्यावर पावसाळ्यात महिनाभरात संपेल एवढेच पीठ घरात असावे. नेमक्या याच महिन्यांत सणांच्या ऑफरा येतात. रवा जास्त घ्यायचाच असेल तर आणल्याबरोबर मंद आचेवर कोरडा भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. गरम असताना भरला तर झाकणाला आतून पाणी सुटते आणि उलट लवकर खराब होतो. शेंगदाणे, खोबरे, काजू, तीळ यांत तेल असल्यामुळे ते किडण्याआधीच खवट होतात. त्यांच्यावर ‘दोनावर एक’ घेऊ नये, फ्रीजमध्ये जागा असेल तरच विचार करावा.

साठवायला योग्य त्या वस्तू वेगळ्या. अंघोळीचा आणि कपड्यांचा साबण, भांड्यांची वडी, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, फिनेल. यांवरची ‘तीनावर एक’ किंवा ‘एकावर एक’ ऑफर आपल्या नेहमीच्या ब्रँडची असेल आणि किलोमागचा हिशेब जमत असेल, तर बिनदिक्कत घ्यावी. साबणाची वडी कोरड्या जागी राहिली की तिच्यातले पाणी उडून ती घट्ट होते आणि जास्त दिवस पुरते. फक्त साबण आणि चहा, रवा, तांदूळ एका पिशवीत किंवा एका फळीवर ठेवू नयेत, वास लागतो आणि तो जात नाही. धुण्याची पावडर मात्र ओलीने गठ्ठा होते, पावसाळ्यात दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा नको.

बिस्किटे, फरसाण, चिप्स, थंड पेये, नूडल्स यांच्याबद्दल वेगळे सांगावे लागते. व्यापारात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे की या वस्तू घरात जास्त असल्या की जास्त खाल्ल्या जातात. साबण तीनाऐवजी चार असले म्हणून कुणी दोनदा अंघोळ करत नाही, पण फरसाणाचे दोन पुडे असले की दोन्ही त्याच आठवड्यात संपतात. ऑफरांमध्ये या वस्तूंचे प्रमाण इतके मोठे का, याचे एक कारण हे आहे. तांदूळ, तूरडाळ, जोंधळे यांवर ‘एकावर एक’ फारसे दिसत नाही, कारण त्यांत नफ्याला जागाच थोडी असते आणि जास्त आणले म्हणून कुणी जास्त शिजवत नाही. साखर, तेल यांसारख्या वस्तू मार्ट अगदी कमी नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही देते आणि माणूस आत आल्यावर बाकीच्या वस्तूंवर ते भरून काढते. साखर-तेल तिथून जरूर घ्यावे. ते घेतले म्हणून बाकी यादी तिथेच पूर्ण केली पाहिजे असे नाही.

‘१,४९९ च्या खरेदीवर एक किलो साखर ९ रुपयांत’ ही याचीच दुसरी बाजू. बाहेर साखर ४४ रुपये धरली तर फायदा ३५ रुपयांचा. यादीतल्या वस्तूंचे बिल १,२०० वर थांबत असेल, तर ३५ रुपयांसाठी ३०० रुपयांची नको असलेली वस्तू टोपलीत येते. शिवाय अशा ऑफरांच्या अटींत तेल, साखर, डाळी या रकमेत धरणार नाही असे बऱ्याचदा लिहिलेले असते. ती ओळ सर्वांत बारीक अक्षरांत असते.

मोफत हा शब्दच किती सैल वापरला जातो, हे सरकारी कागदावरूनच स्पष्ट होते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात म्हटले आहे की ‘एकावर एक मोफत’ मध्ये दुसरी वस्तू मोफत दिलेली नसते. एका किमतीत दोन वस्तू विकलेल्या असतात. म्हणजे करखाते जे विक्री म्हणून पाहते, ते गिऱ्हाइकाला भेट म्हणून दाखवले जाते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही, किंमत पूर्ण किंवा काही अंशी वसूल करून वस्तू मोफत असल्याचा आभास निर्माण करणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुरेसा माल न ठेवता नुसत्या आमिषाने गिऱ्हाईक दुकानात आणणे आणि किमतीत धरलेल्या वस्तूला मोफत म्हणणे, या दोन्हींबद्दल त्यांत स्पष्ट मनाई आहे. माल मर्यादित असेल तर तसे जाहिरातीतच सांगावे लागते. पत्रक पाहून कडोली, येळ्ळूर, उचगावहून माणूस सकाळी शहरात येतो आणि दुपारी ‘स्टॉक संपला’ ऐकून दुसरेच काही घेऊन परत जातो, अशा प्रसंगाला हा नियम लागू पडतो.

पैसे सर्वांत जास्त जातात ते बिलाच्या टेबलावर, आणि तेही बहुतेक वेळा संगणकाच्या रचनेमुळे. ऑफर बारकोडला जोडलेली असते. एकाच साबणाचे लिंबू आणि गुलाब हे दोन वास, दोन बारकोड. पाटी एकाला लागू, आपण घेतला एक-एक, मग सूट बसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. असा बदल झाला किंवा कंपनीने किंमत बदलली की जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल एकाच फळीवर येतो. एकाच वस्तूच्या दोन एमआरपींची नोंद संगणकात वेगवेगळी असते आणि ऑफर कधी एकीलाच लावलेली असते. तिसरे कारण तारखेचे. रविवारी संपलेल्या ऑफरची पाटी सोमवारी दुपारपर्यंत तशीच राहते, संगणकातली सूट मात्र रात्री बारालाच थांबते.

उपाय सोपा आहे. ऑफरच्या वस्तू टोपलीत वेगळ्या ठेवाव्यात आणि बिल करताना सर्वांत आधी, एकत्र, टेबलावर मांडाव्यात. पाटीचा फोटो काढून ठेवावा, त्यात वस्तूचे वजन आणि ऑफरची तारीख दिसली पाहिजे. काही यंत्रणांत सूट शेवटचा नग वाचल्यावर वजा होते, काहींत एकूण बेरीज करतानाच, म्हणून पडद्यावर लगेच दिसली नाही तर पैसे देण्याआधी विचारावे. पैसे दिल्यावर दुरुस्ती करायची तर वेगळ्या खिडकीवर रांग लावावी लागते आणि वीस रुपयांसाठी कोण थांबणार, म्हणून बहुतेक जण सोडून देतात. ते सोडू नयेत.

चिकटपट्टीने किंवा प्लास्टिकने बांधलेल्या जोडीतल्या प्रत्येक नगाची तारीख वाचावी. मुदत जवळ आलेला माल हलवणे हा अशा ऑफरांचा एक नेहमीचा उद्देश असतो आणि त्यात बेकायदा काही नाही. पण बाहेरच्या पाकिटावर सहा महिने बाकी आणि आतल्यावर तीन आठवडे, असे असेल तर ती ऑफर वापराच्या हिशेबात बसत नाही. तारीख चिकटपट्टीखाली झाकली गेली असेल तर जोड सोडवून दाखवायला सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सीमाभागात पाट्यांचा प्रश्न आहे, तोही मांडतो. मार्टमधल्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत असतात, पाकिटावरचा कायदेशीर मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत. केवळ मराठी वाचू शकणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांना अटींची ओळ वाचता येत नाही. त्यांनी विचारायला संकोचू नये, आणि विचारल्यावर नीट सांगणे हे दुकानाचे काम आहे. घरातल्या शाळकरी मुलांनी आजीबरोबर जाऊन किलोमागचा भागाकार करून दिला तर मुलांचेही गणित पक्के होईल. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. एमआरपीपेक्षा जास्त घेतले किंवा वजन कमी भरले तर वैधमापन खात्याकडे, आणि फसवणुकीची भरपाई हवी असेल तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत जाता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही. बिल आणि पाटीचा फोटो, एवढा पुरावा पुरतो.

कर्नाटक सरकारच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे महिना २,००० रुपये ज्या घरात किराण्याला लागतात, त्या घराचा विचार या चर्चेत आधी व्हायला हवा. तीन महिन्यांचे साबण, पावडर आणि तेल स्वस्तात भरून ठेवले तर बरीचशी रक्कम पहिल्याच आठवड्यात अडकते, आणि मग महिनाअखेरीस दूध, भाजी, औषध उधारीवर येते. ओळखीचा दुकानदार पाव किलो साखर देतो, दहा रुपयांची डाळ देतो, बिनव्याजी थांबतो. ही सोय कोणत्याही ऑफरच्या पाटीवर लिहिलेली नसते, पण तिची किंमत आहे. ‘शक्ती’ योजनेमुळे गावातून शहरात यायला स्त्रियांना बसभाडे पडत नाही हे खरे, पण दुचाकीने वीस-पंचवीस किलोमीटर ये-जा केली तर अर्धा लिटर पेट्रोल जाते. ते पैसे बचतीतून वजा करूनच आकडा धरावा.

आपल्या किराणा दुकानदारांनाही एक विनंती. एजन्सीकडून तुम्हालाही बारावर एक, चोवीसावर दोन अशा स्कीम मिळतात. त्यातला थोडा भाग नेहमीच्या गिऱ्हाइकाला द्या आणि दुकानात पाटी लावून द्या. एका घरात चार साबण, दोन पेस्ट, दोन पावडर एकदम जातात. त्यावर पाच टक्के सोडले तरी ते घर तुमच्याकडे टिकेल. गिऱ्हाइकांनीही विचारावे. चार-पाच घरांनी मिळून साबणाचा किंवा तेलाचा पूर्ण बॉक्स रविवार पेठेतून उचलला, तर मार्टच्या ऑफरइतका दर बऱ्याचदा वर्षभर मिळतो, आणि कुणाच्याच घरी जादा साठा होत नाही.

मार्टचालकांनी ऑफरच्या प्रत्येक पाटीवर, मोफत नग धरून, किलोमागे किंवा लिटरमागे पडणारा दर मोठ्या आकड्यांत लिहावा, शेजारी एका सुट्या नगाचा चालू विक्रीदर लिहावा आणि ऑफर संपण्याची तारीख द्यावी. पाटी कोणत्याही भाषेत असो, हे तीन आकडे सगळ्यांना वाचता येतील. वैधमापन खात्याने सणांच्या आधी मार्टमधल्या जोडपाकिटांची वजने आणि तारखा तपासाव्यात.

आणि संपादक महोदय, आपण बाजार समितीचे कांदा-बटाट्याचे, गुळाचे दर नियमित छापता. त्याच स्तंभात आठवड्यातून एकदा बेळगाव, निपाणी आणि खानापूर येथील साखर, तूरडाळ, हरभराडाळ, रवा, पोहे, शेंगदाणे, सूर्यफूल तेल आणि चहा यांचे किरकोळ दर किलोमागे छापावेत. मार्टची पत्रके ज्या अंकाच्या घडीतून येतात, त्याच अंकात हे दर शेजारी असतील तर प्रत्येक घराला तुलना करता येईल.

आपले,
किराणा व्यापारातील काही निवृत्त विक्रेते व हिशेबनीस
शहापूर, बेळगाव